सहा महिन्यांचं अभय

सिकलसेलच्या तपासणी शिबिरात टेबलावर नळ्यांचा एक छोटा स्टँड असतो. स्टँडच्या मागे पांढरा कागद, त्यावर काळ्या आडव्या रेघा. बोट टोचून काढलेलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात सोडतात. त्या द्रावणात रक्तपेशी फोडणारं एक रसायन असतं आणि हिमोग्लोबिनला चिकटलेला प्राणवायू काढून घेणारं दुसरं. पाच मिनिटं थांबायचं आणि नळीतून आरपार बघायचं. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मग पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि त्यानंतर हातात पडतात दोन अक्षरं: एएस, म्हणजे सिकलच्या जनुकाची एकच प्रत, किंवा एसएस, म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या. विदर्भातल्या कितीतरी घरांत ही दोन अक्षरं आता रक्तगटासारखी बोलली जातात. ‘मोठा एएस पॅटर्न आहे, धाकटी एसएस निघाली.’

पण एखादीनं कडेवरचं तीन महिन्यांचं बाळ पुढे केलं, तर आरोग्यसेविका सांगते, ‘याची ही टेस्ट आत्ता नको, सहा महिने होऊ द्या.’ कारण बाळ एसएस असलं तरी त्या वयात नळी गढूळ होईलच याचा भरवसा नसतो. आईबापांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत आलेली असते, बाळाच्या हाडांतल्या मगजात ती असते, तरीही बाळ हसत असतं, दूध पीत असतं, वजन घेत असतं. मग सहाव्या-सातव्या महिन्यात कधीतरी त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात आणि ते रडायचं थांबत नाही. घरचे म्हणतात काही चावलं असेल, पडलं असेल. पुष्कळदा सिकलसेलची ओळख घराला अशीच होते.

जनुक तर गर्भ राहिला त्या क्षणापासून होतं. मग आजार इतके दिवस कुठे होता?

जनुकशास्त्रातल्या मोठ्या प्रश्नांपैकी हा एक प्रश्न आहे असं मला वाटतं. आजार फक्त जनुकातल्या चुकीनं होत नाही. ते जनुक वाढत्या शरीरात कधी वाचलं जातं, त्यावरही तो अवलंबून असतो, हे सिकलसेलनं जितकं उघड करून दाखवलं तितकं क्वचितच दुसऱ्या आजारानं दाखवलं असेल.

आधी ती चूक पाहू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं आहेत. त्यात अकराव्या गुणसूत्रावर, बीटा ग्लोबिन नावाच्या जनुकात, एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘टी’ पडलेला असतो. एवढंच. या जनुकावरून जी 146 दुव्यांची प्रथिनाची साखळी बनते तिच्यातला सहावा दुवा त्यामुळे बदलतो. तिथे ग्लुटामिक आम्ल असायला हवं, येतं व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लाला पाणी प्रिय, व्हॅलिनला पाण्याचं वावडं. हिमोग्लोबिन प्राणवायू देऊन मोकळं झालं की पाण्यापासून तोंड लपवायला हा व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो. त्या रेणूचा व्हॅलिन तिसऱ्याच्या खोबणीत. बघता बघता रेणूंचे ताठ दोर वळले जातात आणि ते दोर आतून रेटा देऊन गोल, लवचीक पेशीचा विळा करतात. फुप्फुसात पुन्हा प्राणवायू मिळाला की दोर सुटतात, पण दहा वेळा, शंभर वेळा वाकलेली पेशी शेवटी वाकडीच राहते. निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून पंडुरोग. आणि अशा कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून ती हाडं फोडणारी वेदना, जिला रुग्ण आणि डॉक्टर दोघंही ‘क्रायसिस’ म्हणतात.

हा विळा पहिल्यांदा नोंदला गेला शिकागोमध्ये. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण 1904 च्या हिवाळ्यात रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या पेशी दिसल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते प्रसिद्ध केलं. नोएल मायदेशी जाऊन दातांचा दवाखाना चालवू लागला आणि 1916 मध्ये, ऐन तिशीत, गेला. पुढे 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे दोष थेट रेणूत आहे. सिकलसेलला त्यांनी ‘रेणूचा आजार’ म्हटलं. असं नाव मिळालेला हा पहिलाच आजार. मग व्हर्नन इंग्रम यांनी केंब्रिजमध्ये 1956 च्या सुमारास तो सहावा दुवा शोधून काढला. भारतात 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळला आणि 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख लिहिला.

म्हणजे चूक कुठे आहे ते कळून सत्तर वर्षं होत आली. पण चूक सापडली म्हणून उपचार सापडला असं झालं नाही. उपचाराची वाट दुसरीकडूनच निघाली, आणि तिचं पहिलं पाऊल पॉलिंग यांच्याही आधीचं आहे.

जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बालरोगतज्ज्ञ. सिकलचं जनुक असलेल्या नवजात बाळांचं रक्त त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होत्या. आईच्या रक्तातल्या पेशी प्राणवायू काढून घेतला की विळ्यासारख्या होत. बाळाच्या रक्तात तशा पेशी फारच थोड्या. 1948 मध्ये त्यांनी लिहिलं, की बाळाच्या रक्तात गर्भातलं वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि तेच त्याला सांभाळत असावं. उपकरण साधं, निरीक्षण साधं. त्यानंतर झालेलं सगळं काम या एका तर्कावर उभं आहे.

गर्भाला वेगळं हिमोग्लोबिन लागतं, कारण गर्भ स्वतः श्वास घेत नाही. त्याला आईच्या रक्तातून, वारेतून प्राणवायू ओढून घ्यायचा असतो. दोघांचं हिमोग्लोबिन सारखंच असतं तर ही ओढ जमली नसती. म्हणून गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा नावाची साखळी असते आणि ती प्राणवायूला आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरते. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात साठ ते ऐंशी टक्के हिमोग्लोबिन हेच असतं. जन्मानंतर त्याची गरज सरते, ते कमी होत जातं, आणि मोठ्या माणसात सहसा एक टक्काही उरत नाही. त्याची जागा बीटाचं हिमोग्लोबिन घेतं. ज्या बाळाचं बीटाच सदोष, त्याचा आजार तेव्हा सुरू होतो. गॅमामध्ये तो सहावा व्हॅलिन तर नाहीच. शिवाय गॅमा असलेला रेणू सिकलच्या दोरात नीट बसत नाही. तो मध्ये आला की दोर तिथे तुटतो.

आता अकराव्या गुणसूत्राचा तो तुकडा जवळून बघण्यासारखा आहे. तिथे ही जनुकं ओळीनं बसलेली आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. एप्सिलॉन चालतं अगदी सुरुवातीला, गर्भ काही आठवड्यांचा असताना, तेव्हा रक्त पीतक पिशवीत बनत असतं. मग रक्त बनवायचं काम गर्भाच्या यकृताकडे येतं आणि गॅमा चालू होतं. शेवटी काम हाडांच्या मगजात जातं आणि बीटाची पाळी येते. म्हणजे आयुष्यात ज्या क्रमानं ती लागतात, त्याच क्रमानं गुणसूत्रावर मांडलेली आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

या ओळीच्या सुरुवातीलाच, एप्सिलॉनच्याही अलीकडे, डीएनएचा एक पट्टा आहे. त्यावरून स्वतःचं प्रथिन बनत नाही. तो जोर पुरवतो. डीएनएला वळसा पडतो, हा पट्टा एखाद्या जनुकाला जाऊन टेकतो आणि ते जनुक धडाक्यात चालू लागतं. पण एका वेळी तो एकाच जनुकाला टेकू शकतो. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस असतो ना, त्याच्यासारखं हे काम आहे. विहीर एक, पाट एक. एक सरी भिजली की तो फावड्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करतो आणि पुढच्या सरीचं तोंड फोडतो. पाणी तेच, सरी बदलते. गॅमाची सरी बंद झाली की पाणी बीटाकडे वळतं.

मग गॅमाच्या तोंडावर माती ओढणारा कोण? तो सापडला तर त्याचा हात धरता येईल.

असा हात कधी कधी निसर्गानंच धरलेला दिसतो. काही माणसांत गॅमा आयुष्यभर चालूच राहतं. त्यांना त्याचा काही त्रास नसतो. अशा माणसात सिकलचं जनुक असलं तरी आजार जवळपास जाणवत नाही. आपल्याकडेही याची सौम्य झलक आहे. भारतात आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागात सिकलचं जनुक डीएनएच्या ज्या पार्श्वभूमीवर बसलेलं आढळतं, त्या पार्श्वभूमीत गॅमा थोडं जास्त चालतं. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा आपल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन पुष्कळदा जास्त असतं. यावरून भारतातला सिकलसेल सौम्य, असं पाठ्यपुस्तकांत लिहिलं गेलं. या ‘सौम्य’ शब्दाचा मला राग येतो. नागपूरच्या वॉर्डांत रक्त चढवून घेणारी, वेदनेनं पाय पोटाशी घेऊन पडलेली मुलं त्या शब्दात मावत नाहीत. शिवाय सरासरी फसवते. वीस टक्के गर्भ-हिमोग्लोबिन म्हणजे प्रत्येक पेशीत वीस टक्के, असं नसतं. काही पेशींत भरपूर असतं, काहींत नावालाही नसतं, आणि त्या रिकाम्या पेशीच विळा होतात.

गॅमा वाढवणारं औषध मिळालं ते कर्करोगाच्या औषधांतून: हायड्रॉक्सियुरिया. 1995 मध्ये अमेरिकेत 299 प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली गेली. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना दर किलो वजनामागे दहा मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा देऊन पाहिली आणि तीही चांगली लागू पडली. ही साधी, स्वस्त कॅप्सूल आहे. ‘कॅन्सरची गोळी’ या भीतीनं ती अनेक घरांत मध्येच बंद केली जाते, याचं फार वाईट वाटतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत, ती रोज घ्यायची असते. दुखेल तेव्हा घ्यायची गोळी ती नाही.

पण माती ओढणारा अजून सापडला नव्हता. तो सापडला 2007-08 मध्ये, आणि अगदी अनपेक्षित जागी. लंडन, सार्डिनिया आणि बॉस्टनमधल्या संशोधकांनी गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या माणसांचे जनुकसंच शेजारी ठेवून, लाखो जागी अक्षरं ताडून पाहिली. फरक अकराव्या गुणसूत्रावर सापडणार अशी कोणाचीही अपेक्षा असती. तिथे तो होताच, पण एक ठळक फरक निघाला थेट दुसऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल11ए नावाच्या जनुकात. हे नाव तोवर पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या संदर्भात माहीत होतं. लाल रक्ताशी त्याचा काही संबंध असेल असं कोणी धरलं नव्हतं. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन यांनी माणसाच्या रक्त बनवणाऱ्या पेशींत हे जनुक मंद करून पाहिलं. गॅमा पुन्हा वर आलं. 2011 मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या लाल पेशींतून हे जनुक काढून टाकलं, तर त्यांचा आजार आवरला. बीटातली ती चूक जशीच्या तशी होती. तिला कोणी हातही लावला नव्हता.

मग हे जनुक सरळ तोडून का टाकू नये? इथे विकासाचं शास्त्र आडवं येतं, आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. बीसीएल11ए फक्त गॅमावर माती ओढत नाही. गर्भात मेंदू घडत असताना ते तिथे काम करतं, रोगप्रतिकारक पेशी घडवताना तिथेही. ज्या उंदरांत ते मुळातच नसतं ते जन्मल्यावर जगत नाहीत. ज्या मुलांमध्ये त्याची एक प्रत गेलेली असते त्यांचं बोलणं, शिकणं, एकूण वाढ मागे पडते, आणि त्याच मुलांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन मात्र टिकून राहिलेलं दिसतं. एकाच जनुकावर शरीरानं निरनिराळ्या अवयवांत, निरनिराळ्या वयांत किती वेगळी कामं सोपवलेली असतात! म्हणून ‘या आजाराचं जनुक’, ‘त्या गुणाचं जनुक’ अशी भाषा वर्तमानपत्रांत वाचली की मी अडखळते.

वाट सुचवली ती त्या सर्वेक्षणातल्या फरकांनीच. गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असलेल्या माणसांत बीसीएल11एचं प्रथिन धडधाकटच असतं. बदललेली अक्षरं जनुकाच्या अशा भागात होती, ज्यावरून प्रथिन बनत नाही. 2013 मध्ये डॅनियल बाउर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो भाग म्हणजे एक बटण आहे आणि ते फक्त लाल पेशींच्या वंशात चालतं. मेंदूला ते लागत नाही, पांढऱ्या पेशींना लागत नाही. 2015 मध्ये त्यांनी डीएनए कापणाऱ्या क्रिस्परच्या कात्रीनं त्या भागात जागोजागी छेद देऊन पाहिलं आणि बटणाची नेमकी नस शोधली. तेवढी नस कापली, की लाल पेशींत बीसीएल11ए मंदावतं, गॅमाचं तोंड उघडं राहतं, आणि बाकी शरीराला पत्ताही लागत नाही.

2019 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे यांना अशा दुरुस्त केलेल्या त्यांच्याच पेशी परत दिल्या गेल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली. त्याचं नाव कॅसजेव्ही. प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या 30 रुग्णांपैकी 29 जणांना किमान सलग बारा महिने एकही मोठा क्रायसिस आला नाही.

हे वाचून आईबाप आशेनं विचारतात, तेव्हा उरलेलं अर्धंही सांगावं लागतं. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत पाठवायच्या, तिथे ती नस कापायची. मग रुग्णाच्या मगजातल्या जुन्या पेशी कडक केमोथेरपीनं नष्ट करायच्या, म्हणजे नव्यांना जागा होते. केस जातात, तोंड सोलून निघतं, जंतुसंसर्गाचा धोका असतो, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. आठवडेच्या आठवडे रुग्णालयात. आणि अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. धडगाव किंवा एटापल्लीच्या घराला हा आकडा सांगायचा तरी कसा? म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती यांच्या गटानं स्वतःची क्रिस्पर कात्री घडवली, ही मला मोठी गोष्ट वाटते. नोव्हेंबर 2025 मध्ये ‘बिरसा 101’ या नावानं हा देशी उपचार जाहीर झाला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. चाचण्यांना वेळ लागेल, तो दिलाच पाहिजे.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. पण तपासणीचं कार्ड हातात आल्यावर त्याचा अर्थ नीट सांगितला गेला नाही तर तेच कार्ड मुलीच्या लग्नाच्या आड येतं. एएस म्हणजे आजार नव्हे. एएस माणूस शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. उलट, सिकलची एकच प्रत असेल तर जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलं, आणि मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहिलं ते त्यामुळेच. ते कुठल्या जातीचा, जमातीचा दोष नाही. त्यांच्या पूर्वजांनी तापाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे. काळजी एवढीच घ्यायची, की दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. दर वेळी नव्यानं चारात एक. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा समज मी स्वतः ऐकला आहे, आणि त्या घरात दुसरंही एसएस होतं.

नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करणारे संपत रामटेके यांनी हीच समजूत घालण्यात आयुष्य घातलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि ते पहिले सहा महिने. नळीतली तपासणी त्या वयात चालत नाही, पण एचपीएलसीनं जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, टाचेतून घेतलेल्या थेंबावर बाळ एसएस आहे की नाही याचा अंदाज येतो, आणि पुढे खात्री करून घेता येते. गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं आहे, हा अवधी वाट बघण्यात घालवायचा नसतो. सिकलसेलच्या बाळाची पाणथरी लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू त्याला काही तासांत गाठू शकतात. अमेरिकेत 1986 मध्ये दिसून आलं, की लहान वयापासून रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिल्यास असे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी होतात. तेव्हापासून नवजात बालकांच्या तपासणीला खरा अर्थ आला. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की पेनिसिलिन सुरू, लसी वेळेवर, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. आणि आईला एक गोष्ट हातात हात धरून शिकवायची: बाळाला निजवून, डाव्या बरगडीखाली बोटं हलकेच टेकवायची आणि पाणथरी लागते का ते बघायचं. कालपेक्षा आज ती खाली उतरलेली लागली, बाळ पांढरं पडलं, तर दुसरं काही न बघता गाडी काढायची.